परत आलेल्यांचं काय?

डिसेंबरची सोळा तारीख, म्हणजे १९७१चा विजय दिन, जवळ आली की नागपुरात आणि आसपासच्या तालुक्याच्या गावांत माजी सैनिकांच्या सत्काराची पत्रकं निघतात. कारगिलच्या सव्वीस जुलैलाही निघतात, ध्वजदिनालाही. कार्यक्रमाचा साचा आता सगळ्यांना पाठ झाला आहे. मधल्या सोफ्यावर पाहुणे, कडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मेडलं लावून बसलेले म्हातारे फौजी. शाल, श्रीफळ, काचेचं स्मृतिचिन्ह, फोटो. मग पाहुण्यांचं पाऊण तासाचं भाषण आणि त्यात १९७१ची लढाई. गंमत अशी की ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता ते ती लढाई सांगत असतात आणि जो तिच्यात होता तो समोर बसून ऐकत असतो. वेळ उरलाच तर सूत्रसंचालक म्हणतो, "सुभेदार साहेब, दोन शब्द बोला." तोवर मागच्या रांगा उठून नाश्त्याच्या टेबलाकडे गेलेल्या असतात.

आयोजकांचा हेतू वाईट असतो असं मी म्हणणार नाही. पण एवढं करून गावाच्या हाती उरतं काय? एक गटफोटो. ज्याचा सत्कार झाला तो कोणत्या साली भरती झाला, कशासाठी झाला, कुठे कुठे होता, परत आल्यावर गावानं त्याला कसं घेतलं, यातलं अक्षरही कुणी टिपून ठेवत नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे की कामठी, काटोल, उमरेड, सावनेर, रामटेक या गावांनी पुढची काही वर्षं सत्कार बंद ठेवले तरी बिघडणार नाही. त्याऐवजी युद्ध पाहिलेला जो जो माणूस गावात हयात आहे, त्याचं बोलणं नोंदवावं आणि गावच्याच वाचनालयात ठेवावं. आणि त्या नोंदीत भर लढाईवर नसावा, परतण्यावर असावा.

घाई आहे ती वयामुळे. १९७१ साली जो विशीत होता तो आता पंच्याहत्तरीला टेकला. १९६५चे ऐंशीच्या पार गेले. १९६२मधले फार थोडे उरले. दुसऱ्या महायुद्धावर गेलेल्यांना विचारायची वेळ तर आपण केव्हाच घालवली, आणि ती गेली हेसुद्धा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आपल्याकडे युद्धात मेलेल्याला जागा आहे. चौकाला त्याचं नाव देतात, शाळेत फोटो लागतो, पुण्यतिथीला हार चढतो. ते योग्यच आहे. २०२३च्या ऑगस्टमध्ये ‘माझी माती, माझा देश’ अभियानात गावोगावी शिलाफलक उभे राहिले, त्यांवर वीरांची नावं कोरली गेली. पण जो धडधाकट परत आला, किंवा एक पाय लंगडत परत आला, त्याची जागा आपल्या स्मृतीत कुठे आहे? त्याला मिळते ती कॅन्टीनची रांग, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यातलं बाक, बँकेत हयातीचा दाखला आणि पीपीओवरची, म्हणजे पेन्शनच्या आदेशावरची, स्पेलिंगची चूक दुरुस्त करायला घातलेल्या चकरा. दगडावर नाव यायला मरावं लागतं, हा आपला अलिखित नियम आहे.

आणि दगड तरी किती सांगतो? सीताबर्डीच्या किल्ल्याचं उदाहरण नागपूरकरांनी घ्यायला हरकत नाही. १८१७च्या नोव्हेंबरात, २६ आणि २७ तारखेला, आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची गाठ तिथल्या दोन टेकड्यांवर पडली. किल्ला त्यानंतर बांधला गेला. लढाईत पडलेल्या इंग्रजांच्या कबरी तिथे आहेत. पण इंग्रजांच्या बाजूनं लढणारे बहुतेक शिपाई मद्रासच्या पलटणींचे होते, कुठल्याशा तामिळ-तेलुगू खेड्यांतून आलेले. भोसल्यांच्या बाजूनं लहान टेकडी जिंकून घेतली ती त्यांच्या नोकरीतल्या अरब शिपायांनी. या दोघांपैकी एकाही सामान्य शिपायाचं नाव आपल्याला सांगता येत नाही. इंग्रजांचा इथला प्रतिनिधी, रेसिडेंट जेनकिन्स, काय म्हणाला हे कागदावर आहे, कॅप्टन फिट्झगेराल्डनं घोडदळ कसं घातलं हेही आहे. आणि ज्या गावात हे घडलं त्या गावानं स्वतः काय जपलं म्हणाल तर जवळपास काही नाही. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीन दिवशी किल्ला लोकांना उघडा असतो. पोरं खांद्यावर घेऊन आपण रांग लावतो, वरून शहर बघतो आणि उतरतो.

कामठीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. १८२१ साली कन्हानच्या काठी छावणी पडली आणि तिच्याभोवती गाव वाढलं. मद्रासी पलटणींबरोबर आलेल्या मुदलियार, नायडू मंडळींची घरं अजून तिथे आहेत. आज तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे. याच रेजिमेंटच्या चौदाव्या बटालियनचे लान्स नाईक अल्बर्ट एक्का १९७१च्या डिसेंबरात गंगासागरच्या लढाईत पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ते झारखंडचे. सैन्यानं त्यांची आठवण जपली आहे आणि नीट जपली आहे. रेजिमेंट आपला इतिहास स्वतः लिहिते. कोणत्या रात्री कोणती कंपनी कुठे होती, हे तिला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्या कामात नगरपालिकेनं नाक खुपसायचं कारण नाही.

पण रेजिमेंटला गाव नसतं. काटोलच्या शिपायाचे कागद काटोलात सापडणार नाहीत. तो महार रेजिमेंटचा असेल तर ते मध्य प्रदेशातल्या सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचा असेल तर खडकीला, तोफखान्याचा असेल तर नाशिकला. सेवा संपली तिथे सैन्याचा कागद संपतो. डिस्चार्ज बुक हातात घेऊन माणूस एसटीतून उतरला, त्यापुढची चाळीस-पन्नास वर्षं कुठल्याच दप्तरात नाहीत. आणि खरं तर गावाच्या दृष्टीनं महत्त्वाची वर्षं तीच आहेत.

विदर्भात हे नीट समजून घ्यायला हवं, कारण इथे सैनिकाच्या परतण्यानं समाजाची उलथापालथ झालेली आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते, लष्करी शाळेत शिकवत होते. त्यांच्या आधी गोपाळबाबा वलंगकर, तेही पेन्शनर फौजी. निवृत्त झाल्यावर अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले आणि महारांची बंद पडलेली लष्करभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज करू लागले. पहिल्या महायुद्धात १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१मध्ये मोडली. पुढे बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी कुठे? आपल्या कामठीत. ती पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली.

आता विचार करा. ज्या गावात सवर्णाच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता, त्या गावचा तरुण १९४२ साली कामठीला बंदूक चालवायला शिकला, ब्रह्मदेशाचं जंगल पाहिलं, पगाराची मनीऑर्डर घरी पाठवली आणि १९४६च्या सुमारास परत आला. तो परत त्याच वेशीबाहेर राहायला गेला का? पाटलासमोर त्यानं मान खाली घातली का? त्यानं मुलांना शाळेत घातलं का? १९५६च्या ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर जे लाखो जमले, त्यांत असे किती जुने फौजी होते, आणि बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या समता सैनिक दलाच्या पोरांना कवायत शिकवणाऱ्यांत किती? रेजिमेंटच्या इतिहासाला हे प्रश्न पडायचं कारण नाही. ते नागपूरच्या इंदोऱ्यातल्या, कामठीतल्या, उमरेडच्या आसपासच्या घरांना विचारायचे प्रश्न होते. ज्यांनी उत्तर दिलं असतं ते गेले. त्यांचे मुलगे आज सत्तरीत आहेत. त्यांना बापानं सांगितलेलं थोडंफार आठवत असेल, पण ऐकीव माहितीला ऐकीव म्हणून नोंदवायला तरी कुणी जायला हवं.

दुसरी गोष्ट, सैनिक म्हटला की आपल्या डोळ्यासमोर बंदूक घेतलेला माणूस येतो. सैन्यात स्वयंपाकी असतात, धोबी असतात, क्लार्क असतात, वायरलेसवाले असतात, ड्रायव्हर असतात. माझ्या ओळखीचे एक निवृत्त हवालदार १९७१ला पूर्वेकडे ट्रक चालवत होते. सत्कारात त्यांना कुणी बोलवत नाही आणि बोलावलं तर तेच टाळतात. "आपण काय लढलो जी, आपण तर गाडी हाकत होतो," म्हणतात. पण एकदा बोलायला लागले की चिखलात रुतलेली गाडी, दिवे बंद ठेवून काढलेल्या रात्री, ट्रकखाली घेतलेली झोप आणि परतीच्या खेपेला मागे काय भरलेलं असायचं हे सगळं येतं, आणि ते मागे काय भरलेलं असायचं ते सांगताना थांबतात. कुठल्याही भाषणात मी हे ऐकलेलं नाही. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत युद्धाच्या काळात पाळ्यांवर पाळ्या करणारे कामगार, पुलगावच्या दारूगोळा भांडारात पेट्या उचलणारे लोक, हे तर सैनिक म्हणूनही मोजले जात नाहीत. पुलगावला २०१६च्या मेअखेर आग लागली तेव्हा दोन दिवस आपण त्यांच्याबद्दल बोललो.

आणि बायका. युद्धाच्या आठवणींत बाई येते ती वीरपत्नी किंवा वीरमाता म्हणून, म्हणजे पुन्हा कुणीतरी मेल्यावर. नवरा जिवंत परत येईपर्यंत तिनं काय केलं, हे कोण विचारतं? पत्रावर पत्ता ५६ एपीओ नाहीतर ९९ एपीओ, म्हणजे नुसता लष्करी टपालाचा क्रमांक. एवढ्यावरून माणूस राजस्थानात आहे की हिमालयात, काही कळायचं नाही. अंतर्देशीय पत्र लिहायला शेजारचा शिकलेला पोरगा बोलवायचा, म्हणजे मनातलं लिहिता यायचं नाही. मनीऑर्डर सासऱ्याच्या नावानं यायची. दारात तारवाला दिसला की आधी पाय लटपटायचे, मग कळायचं की तार सुट्टी मंजूर झाल्याची आहे. ही माहिती कुठल्या संग्रहालयात मिळेल? तारसेवा तर २०१३च्या जुलैत बंदही झाली. ही बाई मात्र आजही नातवाला शाळेत सोडायला जाते आहे, आणि तिला लढाईबद्दल विचारायचं कुणाला सुचत नाही, कारण ती लढाईत नव्हती.

बाहेरच्यांनी हे काम केव्हाच ओळखलं. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी बर्लिनजवळ व्यून्सडॉर्फ इथल्या छावणीत हिंदुस्थानी युद्धकैदी ठेवले होते. भाषा अभ्यासायच्या म्हणून त्यांनी या कैद्यांना ध्वनिमुद्रणाच्या भोंग्यासमोर उभं करून बोलायला लावलं. मल सिंग नावाच्या पंजाबी शिपायाचा १९१६ सालचा आवाज त्यामुळे आजही ऐकता येतो. घरची आठवण काढतो आहे, दूध-लोण्याची आठवण काढतो आहे. त्यांना त्याच्या दुःखाशी देणंघेणं नव्हतं, उच्चार हवे होते, तरी आवाज टिकला. इंग्रजांनी शिपायांची पत्रं उघडून वाचली, सेन्सॉरनं उतारे काढले, म्हणून तेही टिकले. अमेरिकेनं २००० साली आपल्या संसदेच्या ग्रंथालयात माजी सैनिकांच्या मुलाखतींचा संग्रह कायद्यानं सुरू केला. तिथे सेनापती आणि स्वयंपाकी दोघांचीही मुलाखत त्याच नियमानं घेतली जाते. म्हणजे आपल्या शिपायाचा शंभर वर्षांपूर्वीचा आवाज शत्रूकडे आहे, आणि शेजारच्या गल्लीतल्या १९७१च्या नाईकाचा आवाज आपल्याकडे नाही. खिशातल्या फोनवर तो नोंदवता येतो, तरी नाही.

काम कुणी करायचं? माझ्या मते वाचनालयानं. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्यानं सार्वजनिक ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे आणि ड वर्गाचं वाचनालय लहानशा गावातही असतं. तिथे एक कपाट, एक नोंदवही आणि एक संगणक लागेल. माणसं शोधायला सोपा मुहूर्त आहे, नोव्हेंबर महिना. हयातीच्या दाखल्यासाठी पुष्कळ पेन्शनर अजून बँकेत स्वतः येतात. तिथेच नाव, रेजिमेंट, भरतीचं साल आणि घरचा पत्ता विचारून ठेवावा आणि डिसेंबरात घरी जावं. महाविद्यालयाच्या इतिहास विभागातली मुलं प्रकल्पासाठी विषय शोधत असतातच. त्यांना आधी ऐकायला शिकवावं लागेल, हा अवघड भाग आहे. "शत्रूला कसं मारलं?" हा प्रश्न पहिला विचारला की मुलाखत संपली म्हणून समजा. "घरून निघाला त्या दिवशी जेवायला काय होतं?" इथून सुरुवात करावी. बोली बदलू नये. वऱ्हाडीत बोलले तर वऱ्हाडीतच उतरवावं. फौजी हिंदी मध्ये आली तर तीही राहू द्यावी.

म्हातारपणी आठवण फसवते, तारखा सरकतात, ऐकलेलं पाहिलेलं वाटू लागतं, काही जण मीठमसाला लावतात, हे मला मान्य आहे. म्हणून बोलण्याशेजारी डिस्चार्ज बुकचा फोटो ठेवावा, पत्रं असतील तर त्यांचे फोटो ठेवावेत आणि जुळत नसेल तिथे जुळत नाही असं लिहावं. माणसाला खोटं पाडायची गरज नाही. तो चुकीचं काय आठवतो यातूनही पुढच्या अभ्यासकाला काही सापडतं.

गुप्ततेचं काय, असं विचारणारे भेटतील. संरक्षण मंत्रालयानंच २०२१च्या जूनमध्ये धोरण जाहीर केलं की युद्धांच्या नोंदी साधारण पंचवीस वर्षांनी खुल्या व्हाव्यात आणि इतिहास पाच वर्षांत संकलित व्हावा. १९७१ला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली. हवालदाराला ट्रकखाली झोप कशी लागली, यात देशाचं गुपित कोणतं? सध्या सेवेत असलेल्यांना हात लावू नये, कारगिलनंतरचं काही विचारताना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी बोलून घ्यावं, एवढं पथ्य पुरे.

यातून युद्धाचं कौतुक वाढेल अशी भीती असणाऱ्यांना मी म्हणेन की एकदा खऱ्या फौजीसमोर दोन तास बसा. कौतुक वाढतं ते भाषणांनी, सेवेतून काढलेला रणगाडा चौकात आणून त्याला रंग दिल्यानं. शांतिसेनेत श्रीलंकेत गेलेल्यांना विचारा. १९८७ ते १९९० या काळात तिथे आपले अकराशेहून जास्त जवान मारले गेले, आणि परत आलेल्यांचं स्वागत करायला इकडे फार कुणी उत्सुक नव्हतं. त्या लढाईला सोयीची तारीख नाही, म्हणून तिचा सत्कारही होत नाही. असल्या आठवणी नोंदवल्या तर देशभक्ती कमी होईल असं ज्यांना वाटतं त्यांचा आपल्या सैनिकांवरच विश्वास नाही.

बोलायचं नाही असं म्हणणाऱ्याला मात्र बोलतं करू नये. काही जण सांगतात आणि म्हणतात, माझ्यामागे उघडा. तसं पाकीट बंद करून ठेवावं आणि शब्द पाळावा. यात जो थोडाफार पैसा लागतो तो स्मारकाच्या कमानीच्या तुलनेत नगण्य आहे. स्मारकाची कमान हवीच असेल तर बांधा बापहो, पण आधी कपाट भरा. कंत्राटदाराला कमानीत रस असतो आणि कपाटात नसतो, एवढंच.

आणि हे काम १९७१च्या पिढीबरोबर संपणारं नाही. २०२२च्या जूनमध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षं सेवा, त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम, बाकीची पोरं पंचविशीच्या आसपास घरी. मूळ योजनेत त्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. २०२५च्या मेमध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी अग्निवीरही तैनात होते. त्यांत आपल्या जिल्ह्यातली पोरं असतील तर ती परत येऊन संत्र्याच्या बागेत, एमआयडीसीत नाहीतर सिक्युरिटीच्या नोकरीत दिसतील. नोव्हेंबरच्या रांगेत ती कधीच भेटणार नाहीत. त्यांची यादी गावालाच करावी लागेल, आणि ती करणं फार अवघड नाही. भरतीत निवड झाली की मित्रमंडळी चौकात फोटोसकट अभिनंदनाचा फ्लेक्स लावतात. पावसात तो फाटायच्या आधी ग्रंथपालानं त्यावरची नावं आणि साल वहीत उतरवून घ्यावं.